होडी उघड्यावर ठेवताना

(स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल रात्रीच्या गप्पांत ठरलं की आमच्या घरची होडी शाळेच्या अंगणात आणून ठेवायची. ठरलं म्हणजे तुम्ही ठरवलंत, मी मान हलवली. आज मला पंधरा मिनिटं दिली आहेत ती होडीबद्दल दोन गोड आठवणी सांगायला. त्या सांगतोच. पण त्याआधी एक कबुली द्यायची आहे, आणि नंतर ती होडी ठेवायची कशी याबद्दल थोडं रोखठोक बोलायचं आहे. काल जी योजना ऐकली तिच्यात होडी तीन पावसाळ्यांपलीकडे टिकत नाही. हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी एक होडी घालवून बसलो आहे.

आधी कबुली. काल बऱ्याच जणांनी विचारलं, "तीच ना रे ती, आपण शाळेत यायचो ती?" मी "हो" म्हणालो, किंवा निदान "नाही" म्हणालो नाही. ती ही नव्हे. आमच्याकडे दोन होड्या होत्या. तरीवर असायची ती थोरली, बावीस फुटांची, एका अखंड आंब्याच्या खोडातली, वर दोन्ही काठांना सुंभाने शिवलेली एकेक फळी. पलीकडच्या वाडीतली चौदा-पंधरा पोरं दप्तरं डोक्यावर धरून तिच्यातून अलीकडे यायची. आज माझ्याकडे आहे ती धाकटी, सोळा फुटांची, उलांडीची. बाबा तिच्यातून खाडीच्या मुखाशी जाळं टाकायला जायचे. थोरली आता नाही. ती का नाही, हेच सांगायला उभा आहे.

बाई समोर बसल्या आहेत म्हणून आधी त्यांचं ऋण. पावसात खाडीला ओढ असली की तर उशिरा सुटायची आणि आम्ही पोचेपर्यंत पहिला तास संपत आलेला असायचा. बाई हजेरी घेताना "तरीची मुलं" असं म्हणून आमच्या नावापुढे आधीच खूण करून ठेवायच्या. आम्ही येणार हे त्यांनी गृहीतच धरलेलं असायचं. एकदा आम्ही आलोच नाही. पूर होता, बाबांनी होडी सोडलीच नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "काल तुम्ही हजर होतात की नव्हतात?" सगळा वर्ग हसला. बाई, ती खूण खोडली होती का, हे चाळीस वर्षांनी विचारायला हरकत नसावी.

धाकटीचाही आपल्या वर्गाशी संबंध आहे, अगदीच नाही असं नाही. १९८६ च्या मार्चात, दहावीच्या परीक्षेच्या पहिल्या पेपरला थोरली दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर उपडी होती. पलीकडच्या तिघांना बाबांनी धाकटीतून आणलं, सकाळच्या एसटीसाठी, अंधारात. त्यातले दोघे आज इथे आहेत. तिसरी ऑस्ट्रेलियात आहे आणि काल व्हिडिओवर पहिलं तिने होडीबद्दलच विचारलं. तेव्हा "शाळेची होडी" म्हणायला ही अगदीच परकी नाही.

आता थोरलीचं काय झालं ते.

पूल झाला आणि तर बंद पडली. बाबांचं वय झालं होतं. थोरली किनाऱ्यावरून वर आणून आमच्या माडाच्या बागेत, विहिरीच्या बाजूला ठेवली. ओंडक्यांवरून ढकलत आणली तेव्हा अकरा माणसं लागली. ती उपडी करायला आणखी माणसं लागली असती, म्हणून सुलटीच ठेवली, खाली चार चिरे देऊन. मी तेव्हा मुंबईत नोकरीला. मेच्या सुट्टीत येताना मी घेऊन आलो एक जाडजूड निळी ताडपत्री. मुंबईच्या बाजारातली, चांगली महागाची. बाबा झापांची जमवाजमव करत होते. मी म्हटलं, आता हे झाप, ही चुडतं, हे दरवर्षी विणणं कशाला? एकदाच घालू, पाच वर्षं बघायला नको. ताडपत्री होडीवरून घेतली, चहूबाजूंनी खाली ओढली, सुंभाने होडीला गुंडाळून करकचून बांधली. अगदी पार्सल केल्यासारखी. बाबा बघत होते. काही बोलले नाहीत. पुढे अनेक वर्षं मला वाटायचं, ते बोलले असते तर? आता वाटतं, बोलले असते तरी मी ऐकलं नसतं. मुंबईहून ताडपत्री आणली होती ना मी.

त्या पावसाळ्यात काही झालं नाही. म्हणजे वरून काही दिसलं नाही. ऑक्टोबरात बाबांनी सोडू का विचारलं, मी फोनवर म्हटलं राहू दे, ऊन लागायला नको. दुसरा पावसाळाही तसाच गेला. त्या दिवाळीला मी आलो आणि ताडपत्री सोडली, तर आतून जो वास आला तो आळंब्यांचा. ताडपत्री मध्यभागी झोळीसारखी खाली बसली होती, तिथे पाणी साठून साठून एक फाट पडली होती, आणि आत वीतभर काळं पाणी. बाबांनी कमरेची किल्ली काढली आणि होडीच्या बुडावर हलकेच टोचली. किल्ली मुठीपर्यंत आत गेली. मग ते म्हणाले, "तू कापड घातलंस, पण वाऱ्याक वाट खंय ठेवलंस?"

एवढंच. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. थोरलीची लाकडं दोन वर्षं आमच्या न्हाणीच्या चुलीत गेली. नाळेचा एक हातभर तुकडा आईने ठेवून दिला, तो पडवीत आहे.

त्यानंतर मी जरा वाचायला लागलो, जमेल तिथे सुतारांना विचारायला लागलो, आणि निवृत्तीनंतर दोन सुयांचं एक छोटं यंत्र घेतलं, लाकडात टोचलं की आत ओल किती टक्के ते सांगणारं. घरचे हसतात, डॉक्टर आला म्हणतात. पण त्या यंत्राने बाबांचं एक वाक्य मला समजावलं.

लाकूड कुजतं म्हणजे बुरशी ते खाते. बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओल लागते. जोमाने वाढायची तर २८-३०. त्याखाली ती गप्प राहते. आता आपल्याकडचा पावसाळा घ्या. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि चार महिने हवा अशी की पापड सादळतात. अशा हवेत छपराखालचं, एक थेंबही न पडलेलं लाकूडसुद्धा हवेतूनच ओल ओढून १७-१८ टक्क्यांवर जातं. म्हणजे कोकणात होडी नुसती ठेवली तरी ती काठावरच उभी असते. तिच्यावर एखादा शिंतोडा आला, तर तो उडून जायला वारा पाहिजे. वारा नसेल तर ती काठावरून पलीकडे जाते. ताडपत्रीने मी पाऊस अडवला, पण जमिनीतून वर येणारी वाफ, लाकडाची स्वतःची ओल आणि त्या फाटीतून गेलेलं पाणी हे सगळं आत कोंडलं. वर उन्हाने ताडपत्री तापायची. ऊब, ओल आणि कोंडलेली हवा, आळंबी लावायला याहून चांगली सोय करता येत नाही.

आणि यात एक गंमत आहे, जी मला फार उशिरा कळली. समुद्रात होडी कुजत नाही, जमिनीवर कुजते. खाऱ्या पाण्यात बुरशीला मीठ सोसत नाही. होडीचा खरा वैरी गोडं पाणी, म्हणजे पाऊस. जुन्या लाकडी गलबतांच्या पोटात, फळ्यांच्या मध्ये, मुद्दाम जाडं मीठ भरायची पद्धत होती ती याचसाठी. बाबा धाकटीला आगोटीला वर आणल्यावर विहिरीच्या पाण्याने कधी धुवायचे नाहीत. खाडीचंच पाणी. मला तो त्यांचा आळस वाटायचा, विहीर दहा पावलांवर असताना.

समुद्रात होडीला वेगळा शत्रू असतो, लाकूड पोखरणारा किडा. दिसतो अळीसारखा, पण तो शिंपल्यांच्या कुळातला प्राणी आहे. बाहेरून टाचणीएवढं भोक, आत बोटभर बोगदा. त्याला खारं पाणी लागतं. होडी वर काढून सुकवली की मरतो. म्हणून बाबा अधूनमधून होडी वर ओढून खालून चुडतांचा हलका जाळ द्यायचे आणि मग तेल चोपडायचे. स्वीडनचं 'वासा' नावाचं जहाज १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालं आणि १९६१ साली जवळजवळ अख्खं वर काढलं, ते टिकण्याचं एक मोठं कारण म्हणजे बाल्टिक समुद्राचं पाणी पुरेसं खारट नाही, तिथे हा किडा जगत नाही. वर काढल्यावर मात्र त्याच्यावर सतरा वर्षं रसायनाचे फवारे मारत बसावं लागलं, नाहीतर सुकताना तडकून गेलं असतं. नेदरलँड्समध्ये १९५५ साली रस्त्याचं काम चालू असताना दलदलीत पाइनच्या खोडाची एक कोरीव होडी सापडली. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची. ती टिकली कारण तिथे हवाच पोचत नव्हती. म्हणजे लाकूड एक तर पूर्ण बुडवा किंवा पूर्ण सुकं ठेवा. मधल्या अवस्थेत ते जातं, आणि आपलं अंगण ही मधलीच अवस्था आहे.

आता कालच्या योजनेकडे येतो. ज्यांनी मांडली ते माझे मित्र आहेत, मनापासून मांडली, म्हणून स्पष्ट बोलतो.

सिमेंटचा चौथरा बांधून त्यावर होडी बोल्टने पक्की करायची, असं ठरलं. नको. सिमेंट पावसात ओलं होतं आणि होडीचं बूड त्याला टेकलं की त्या सांध्यात ओल कायम. शिवाय लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि चैत्रात आकसतं, आडवं बऱ्यापैकी, उभं जवळजवळ नाही. बोल्टने जखडलं की ते बोल्टच्या भोकापासून चिरत जातं. आणि लोखंडाला गंज चढून त्याच्या भोवतीचं लाकूड काळं पडून सैल होतं, हे आपण प्रत्येक जुन्या दारावर पाहिलं आहे. बाबांच्या होडीत खिळा नव्हता. फळ्या काथ्याने शिवलेल्या होत्या, काथ्या खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकतो.

बाहेरून आतून ऑइलपेंट मारायचा, निळा आणि पांढरा. नको. आत ओल असलेल्या लाकडावर रंग म्हणजे पुन्हा माझी ताडपत्रीच, फक्त पातळ. रंगाला केसाएवढी चीर पडते, तिच्यातून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. फायबरचा थर द्यायचा असंही कोणी म्हणालं. तेही तसंच, महाग एवढंच. लाकूड हलतं, तो थर हलत नाही, मध्ये पोकळी होते.

आणि आतमध्ये माती भरून तेरड्याची, झेंडूची रोपं लावायची. ज्यांना ही कल्पना सुचली त्यांनी ती फोटोसाठी सुचवली हे मला ठाऊक आहे आणि फोटो छान येतील यात शंका नाही. पण होडीत ओली माती भरणं म्हणजे होडीला पुरणं. मला विचाराल तर रिसॉर्टच्या दारात अशा फुलं लावलेल्या होड्या दिसतात तेव्हा मी मान वळवतो. हे माझं वैयक्तिक मत, तुमच्यावर सक्ती नाही. या होडीपुरती आहे.

मग ठेवायची कशी? धाकटी आजवर टिकली आहे ती माझ्यामुळे नव्हे. थोरली गेल्यावर बाबांनी धाकटीला मला हात लावू दिला नाही. बाबा गेल्यावर आईने आणि शेजारच्या काकांनी दरवर्षी तिचं केलं. मी शिकलो ते आईच्या हाताखाली, पन्नाशीनंतर. त्यातलं जे पटलं आणि यंत्रानेही हो म्हटलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे ती उपडी ठेवायची. सुलटी होडी हे शेवटी एक भांडं आहे. थोरलीसारखी होडी पावसाच्या पाण्याने भरली तर आत दीड टन पाणी होतं, आणि ते वजन चार चिऱ्यांवर. उपडी केली की पाणी आपोआप ओघळतं, बूड वर येतं, आणि बूडच सगळ्यात जाड असतं. धाकटी उपडी करायला सहा माणसं पुरतात. उलांडी आधी सोडायची, तिचे दांडे वेगळे बांधून आत आडव्याला टांगायचे. उलांडीसकट उलटवण्याचा प्रयत्न आमच्या काकांच्या मुलाने एकदा केला आहे. दांडा मोडला आणि काकांनी पोराला दिवसभर जेवायला बोलावलं नाही.

टेकू दोनच. टोकाला नाही आणि मध्येही नाही. सोळा फुटांच्या होडीला दोन्ही टोकांपासून साधारण साडेतीन फुटांवर. टोकांना टेकू दिले तर पोट खाली बसतं, मध्ये दिला तर टोकं झुकतात, आणि एकदा वाक आला की तो जात नाही. टेकूची उंची निदान गुडघ्याएवढी, म्हणजे खालून वारा जाईल आणि खाली वाकून बघता येईल. आपल्याकडे चिरे सहज मिळतात म्हणून चिरेच लावाल, लावा, पण जांभा पाणी पितो. चिऱ्यावर पत्र्याचा एक तुकडा, चारी बाजूंनी दोन-दोन बोटं बाहेर येईल असा, कडा खाली वळवलेल्या. त्यावर सागाची फळी, मग होडी. पत्र्यामुळे ओल वर चढत नाही आणि वाळवीलाही त्या कडेला वळसा घालून मातीची नळी बांधावी लागते. ती नळी मग दिसते. वाळवी अडवता येतेच असं नाही, पण ती लपून येणार नाही एवढी सोय होते.

वरचं छप्पर होडीला चिकटता कामा नये. हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि माझा मुंबईचा शहाणपणा नेमका इथे चुकला. होडीवर झाकण नको, होडीसाठी मांगर पाहिजे. चार खांब, कौलं, भिंती नाहीत. होडीपासून छप्पर हातभर तरी वर. पाऊस आपल्याकडे नैर्ऋत्येकडून तिरका येतो, म्हणून त्या बाजूची पाख खाली उतरवायची आणि उत्तरेची बाजू मोकळी ठेवायची. पत्रा घातला तर वैशाखात तो तापतो, मग पत्र्याखाली झापांचा एक थर हवा. मी नुसत्या झापांच्या बाजूचा आहे, पण झाप दरवर्षी बदलावे लागतात आणि आपल्या वाडीत झाप विणणाऱ्या आता दोघीच उरल्या आहेत, दोघी सत्तरीच्या पुढच्या. शाळेतल्या मुलींना त्या दोघींनी झाप विणायला शिकवलं तर मला या होडीपेक्षाही जास्त आनंद होईल. मुलग्यांनाही. आमच्या वेळी मुलांनी झाप विणले की चिडवायचे. ते बंद करू.

शाळेच्या इमारतीच्या उत्तरेला, जुन्या पाण्याच्या टाकीजवळ जागा आहे. तिथे दुपारी सावली असते. दर्शनी भागात, झेंड्याच्या काठीजवळ ठेवू नका. दिसेल छान, पण एप्रिल-मेच्या उन्हात तिला फटी जातील. लाकूड टोकाकडून फार लवकर सुकतं आणि बाकीचं मागे राहतं; त्या ओढाताणीत टोकाला चीर पडते. बाबा वैशाखात संध्याकाळी दोन-तीन कळश्या खाडीचं पाणी होडीवर शिंपडायचे. मला वाटायचं देवाला घालतात तसं काहीतरी. ते तिला हळू सुकवत होते.

तरीही फटी पडतील. पडू द्या. कुणीतरी हौशी माणूस त्यात पुट्टी किंवा ते दोन नळ्यांचं चिकट रसायन भरायला येईल. त्याला चहा द्या आणि परत पाठवा. उन्हाळ्यात उघडलेली फट पावसाळ्यात मिटते. तिच्यात कडक काही भरलं तर मिटताना ते पाचरीसारखं काम करतं आणि दोन बोटांची चीर दोन हातांची होते. भरायचंच असेल तर राळ आणि तेल कढवून केलेलं मऊ लुकण, तेही पावसाळ्याच्या शेवटी.

तेल वर्षातून एकदा. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की. आई उंडीचं तेल वापरायची. आता ते मिळवावं लागतं. जिथे मिळतं तिथून मी आणून देईन, ते माझ्याकडे लागलं. बाबा खालच्या अंगाला काजूच्या टरफलांचं तेल लावायचे. कीड त्याच्या वाटेला जात नाही, पण आपलीही कातडी जाते. शाळेच्या आवारात ते नको, मुलं हात लावणार. तेल लावण्याआधी होडी सुकी पाहिजे, नाहीतर तेल नुसतं वर बसतं. माझ्या यंत्रावर १६ च्या खाली आकडा आला की लावायचं. यंत्र नसेल तर आईची रीत: होडीच्या पोटावर सकाळी एक पितळी ताट उपडं ठेवायचं, दुपारी उचलायचं. ताटाला आतून दव धरलं असेल तर अजून आठ दिवस थांबायचं. मी दोन्ही करून बघितलं आहे. ताट फारसं चुकत नाही.

आंब्याचं लाकूड मुळात टिकाऊ नव्हे, हेही सांगून ठेवतो. सागाची होडी असती तर इतकी नाटकं लागली नसती. पण आंबा मऊ, वाकसाने तासायला सोपा, आणि एवढ्या घेराचं खोड आपल्याकडे आंब्याचंच मिळायचं. त्याला कीडही लवकर लागते. खाली जमिनीवर बारीक पिठासारखी भुकटी पडलेली दिसली की समजायचं. म्हणून महिन्यातून एकदा कुणीतरी खाली वाकून बघायला हवं. हे काम शिपायावर टाकू नका, त्याला आधीच पुरेशी आहेत. आठवीच्या वर्गाला द्या. फुरसं असतं होडीखाली, म्हणून हातात काठी घेऊन, आणि सरांसोबत. आमच्या घरी कोंबडीही तिथेच अंडी घालायची.

कुणी म्हणेल, एवढी उठाठेव करण्यापेक्षा संग्रहालयाला द्यावी. मीही विचार केला होता. पण तिथे ती काचेपलीकडे जाईल, कुणाला तिला तेल लावावं लागणार नाही, आणि आपल्यापैकी किती जण तिथे बघायला जातील? इथे ती आपल्याला कामाला लावेल. मला ते बरं वाटतं. आईलाही. काल तिला विचारलं, देऊ का शाळेला? ती म्हणाली, "दी. पण आगोटीक माणसां येतली काय, तां आधी इचार."

तेव्हा ते विचारतो. वर्षातून दोन वेळा माणसं लागतील. एकदा मेच्या शेवटच्या रविवारी, पाऊस यायच्या आत छपराची शाकारणी आणि टेकू तपासायला. एकदा दिवाळीनंतरच्या रविवारी, तेलाला. सकाळी सात ते अकरा. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांनी रात्रीच्या गाडीने निघावं. न्याहारी आमच्या घरी, घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. दरवेळी सहा जण पाहिजेत, सहाच्या खाली ती उलटत नाही. जे परदेशात आहेत त्यांनी कौलांचा खर्च उचलायची तयारी दाखवली आहे, त्यांचे आभार, पण कौलं होडी उलटवत नाहीत.

आणि मांगर आधी, होडी नंतर. मांगर उभा राहिला, वर्षभर गळला नाही, की मी स्वतः ती आणून देईन. नाळेचा तो थोरलीचा तुकडाही देईन. तो मुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतीवर लावा, छपराखाली, सुका. ज्यांना आपण ज्या होडीतून आलो तिला हात लावायचा आहे त्यांनी त्याला लावावा.

सकाळपासून चहाच्या टेबलाजवळ एक वही ठेवली आहे. मेसाठी आत्तापर्यंत चार नावं आली आहेत, त्यातलं एक बाईंचं आहे. बाई, तुम्ही उलटवायला नको, तुम्ही हजेरी घ्या.